मोहोळाखाली जाळलेला धूप

पूर्वी सोमवती नगरीत जयंतक राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व व्यापारी तांड्याबरोबर फिरणारा वैद्य होऊन जन्मला होता. एकदा मधमाशी चावून त्याचा घसा सुजून मिटला आणि तो मरता मरता वाचला. तेव्हापासून बोरूची एक गुळगुळीत पोकळ नळी तो कमरेला बाळगी. पुन्हा तसे झाले तर तिच्यातून श्वास घेता यावा म्हणून. तांड्यात हे सर्वांना ठाऊक होते.

घाट चढण्याआधी पायथ्याच्या सावरीच्या झाडाखाली वनदेवतेला धूप जाळायचा, हा तांड्याचा रिवाज. त्या वर्षी तो मान भद्दक गाडीवानाला मिळाला. मान मिळाल्याच्या आनंदात त्याने निखाऱ्यांवर मुठीमुठीने गुग्गुळ ओतला. वर पाहायचे काही त्याला सुचले नाही. धूप देवतेला पोचला की नाही कोण जाणे, फांद्यांना लटकलेल्या आग्या मोहोळांना मात्र तो नीट पोचला.

आधी नुसते घोंघावणे ऐकू आले. मग माश्यांचा लोट खाली आला. माणसे वाट फुटेल तिकडे पळाली, काही बैल गाड्यांसकट उधळले. भद्दकाची बायको रेवली हिने त्याला ओढत एका गाडीखाली नेले. त्याच्या मानेत रुतलेली नांगी ती चिमटीने उपटू लागली.

"चिमटीत धरू नका, विष आत पिळलं जातं! नखानं खरवडा!" पलीकडच्या गाडीतून वैद्य ओरडला. तो कमरेची नळी घट्ट धरून कांबळ्यात गुरफटून बसला होता.

तांड्याचा मालक पुन्नक यानेही आकाशपाताळ एक केले होते. "वैद्या, आधी माझ्याकडे ये! अंगाची चाळण झालीय!"

भद्दकाला चारदोनच डंख झाले होते आणि तो गप्प होता. "त्याला काय धाड भरलीय? त्यानंच सगळ्यांना मारलं," कोणीतरी म्हणाले. पण रेवलीला त्याचे सुजलेले ओठ दिसत होते. अंगभर गांधी उठल्या होत्या. घशातून शिट्टी वाजत होती.

"वैद्यराज, हे बोलत नाहीत हो!"

वैद्य कांबळे डोक्यावर घेऊन बाहेर पडला. पुन्नकाच्या गाडीपाशी तो थांबला नाही. "जो एवढा बोंबलतोय त्याचा घसा उघडा आहे," एवढेच म्हणाला.

त्याने भद्दकाला आडवे केले, पाय उंच ठेवले, नांग्या खरवडल्या. तरी शिट्टी बारीक होत गेली आणि थांबली. वैद्याने कमरेची नळी काढली. ती हातात धरून तो क्षणभर तसाच राहिला. हा देणार नाही, असे रेवलीला वाटले. मग त्याने ती भद्दकाच्या जिभेमागे सरकवली. छाती हलली.

नळी धरायला दोन्ही हात लागत होते. कांबळे घसरले. मानेवर माशी बसली तेव्हा ती झटकायला त्याच्याकडे हात नव्हता.

थोड्याच वेळात त्याचा आवाज घोगरा झाला. रेवली समजली. तो नळी परत मागेल या भीतीने तिने नवऱ्याचे डोके छातीशी घट्ट धरले. वैद्याने ते पाहिले.

"भिऊ नकोस, पोरी. मागत नाही. सूज उतरेपर्यंत काढू नकोस."

ऊन कलल्यावर माश्या परतल्या. भद्दकाने डोळे उघडले. वैद्य त्याच्या शेजारीच निपचित पडला होता; त्याचा श्वास थांबला होता.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुन्नक म्हणजे आज औषधासाठी सर्वांच्या आधी हात पुढे करणारा तुमचा सोबती. भद्दक म्हणजे तापाने पडलेला हा वृद्ध भिक्षू. त्याच्या उशाशी बसून न उठणारी ही भिक्षुणी तेव्हा रेवली होती. तो वैद्य मी. मीही त्या दिवशी फार भ्यालो होतो. तरी तिची भीती मला पाहवली नाही. याला अभयदान म्हणतात."