दार कोंबडीएवढं

दादाच्या कोंबड्या आता कोणाच्या हाकेला येणार?

म्हसूनं हे तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला विचारलं. कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी म्हणालं, "जेवून घे."

कुसवडे गावात असा हा एक भोळा म्हसू होता. शाळेत दुसरीपर्यंत गेला आणि घरी आला. थोरला भाऊ त्याला काम कधी सांगत नसे, करून दाखवी. आता दादा नव्हता. उरले होते ते सगळे सांगणारे.

जुनं खुराडं दादानं मोडून ठेवलं होतं. नवं बांधायचं राहून गेलं. कोंबड्या चिंचेवर बसू लागल्या आणि रानमांजरानं काळी तुरेवाली उचलली.

"आणखी एक गेली तर शुक्रवारच्या बाजारात सगळ्या विकीन," वहिनी म्हणाली. "असं खुराडं बांध, की मांजराला शिरता येणार नाही."

म्हसूनं बांधलं. चारही बाजूंनी फळ्या, वर पत्रा. मांजर शिरणं शक्यच नव्हतं. कोंबड्या बाहेर उभ्या राहून बघत होत्या.

"दार कुठंय रे?"

"मांजर दारातूनच शिरतं ना, वहिनी?"

"अरे देवा! दार ठेवावं, कोंबडीएवढं!" वहिनीनं फळ्या उचकटून दार केलं, तरी कोंबड्या चिंचेवरच बसत राहिल्या.

"चुकलं वहिनी. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं ज्वारीची कणगी दुरुस्त करायला दिली. म्हसूनं तिच्या बुडाशी छान दार पाडलं, कोंबडीएवढं. दुपारी कोंबड्या ज्वारीत लोळत होत्या.

"कणगीला फट ठेवायची नसते, मेल्या! शेणानं लिंपून टाकायचं सगळं!"

"चुकलं वहिनी. आता ध्यानात ठेवतो."

मग एक कोंबडी खुडूक झाली. वहिनी म्हणाली, "अंड्यांवर बसव आणि डालगं झाक." म्हसूनं डालगं झाकलं आणि शेणानं लिंपलं. फट कुठंच ठेवली नाही. वहिनीनं धावत येऊन डालगं फोडलं. कोंबडी झिंगत बाहेर आली आणि तिनं वहिनीच्याच बोटाला चोच मारली.

"जीव असतो आत! वर मोकळं ठेवावं, वारा लागला पाहिजे!"

"चुकलं वहिनी. आता ध्यानात ठेवतो."

गुरुवारी सकाळी आभाळ भरून आलं. "सरपण झाक," वहिनी म्हणाली. म्हसूनं चारही बाजूंनी गोणपाट गुंडाळलं आणि वर मोकळं ठेवलं. सर आली, सरपण न्हालं.

"सरपणाला कशाला रे वारा?"

"मुंग्या होत्या, वहिनी. जीव आहे आत."

वहिनी कपाळाला हात लावून बसली. "बाहेरून काय कळणार तुला? आत शिरून बघावं, पाणी कुठून येतं ते!"

"चुकलं वहिनी. आता ध्यानात ठेवतो."

शेजारची जना काकू कुंपणावरून ऐकत होती. "कोंबड्या काही खुराड्याकडे येत नाहीत बाई," ती म्हणाली. "आता खुराडंच न्या त्यांच्याकडे. चाकं लावा!" आणि फिदीफिदी हसली.

म्हसू हसला नाही. उद्या बाजार होता. त्यानं दादाचा हातगाडा ओढत चिंचेखाली नेला. त्याच्यावर फळ्या ठोकल्या. या वेळी त्याला सगळं आठवत होतं. दार कोंबडीएवढं. खाली फट नाही. वर जाळी, वारा लागायला. पाणी कुठून येतं तेही तो बघत होता, आत बसून. शेवटचा खिळा त्यानं आतूनच मारला.

मग तो बाहेर यायला निघाला. दारातून त्याचं डोकं गेलं, खांदे गेले नाहीत.

दिवस मावळायला आला. म्हसूला दादाची फार आठवण आली. डोकं दारात तसंच ठेवून त्यानं हाक मारली, "तीऽ तीऽ तीऽ!" दादासारखीच आली, अगदी शेवटी आवाज चिरकण्यापर्यंत.

चिंचेवर फडफड झाली. म्हसूनं डोकं आत घेतलं. कोंबड्या एकामागून एक दारातून शिरल्या. एक मांडीवर बसली, एक खांद्यावर, खुडूक कोंबडी डोक्यावर.

ती हाक ऐकून वहिनी कंदील घेऊन आली. तिनं जाळीतून बघितलं.

"भावजी, तुम्ही आत काय करताय?" एरवी ती त्याला कधी भावजी म्हणत नसे.

"दार कोंबडीएवढंच ठेवलंय, वहिनी."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तेराव्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, आणि हसताहसता डोळे पुसू लागली. "थांब, फळी काढते."

"नको, वहिनी! मांजर शिरेल."

आणि म्हसूनं हात लांब करून आतून कडी लावली.