टेकडीपलीकडचं तळं

सोनवडी नगराला दोन तळी होती, त्या जुन्या काळची ही गोष्ट. वेशीजवळच्या तळ्यावर दर हिवाळ्यात हंसांचे इतके थवे येत, की उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालाव्या लागत. टेकडीपलीकडे नव्यानं खोदलेलं तळं मात्र रिकामंच असे.

एका वर्षी घिरट्या घालता घालता एक म्हातारा हंस दमून कोसळला आणि मेला. तेव्हा त्याच्या थव्याची म्होरकी सुपर्णा सगळ्यांना घेऊन नव्या तळ्यावर गेली. तिथल्या कासवाला फार आनंद झाला. पाणी नितळ होतं, चारा भरपूर होता. पण दुसरा थवाच नसल्यामुळे तरुण हंसांना जोडीदार मिळेनात. महिन्याभरात सुपर्णानं परतायचं ठरवलं.

“माझ्या तळ्यात काय कमी आहे?” कासवानं विचारलं.

“काहीच नाही, दादा. पण इथे दुसरं कोणी येत नाही.”

“तुम्ही राहिलात तर येतील की!”

“आणि नाही आले तर? पोरांचं वर्ष वाया जाईल,” असं म्हणून सुपर्णा थव्यासह उडाली.

जुन्या तळ्यावर बऱ्याच वेळानं त्यांना काठाशी थोडी जागा मिळाली. शेजारच्या थव्याची म्होरकी त्यांना पाहून चकित झाली.

“अगं, परत आलात? तुम्ही तिकडे रमलात असं ऐकलं, म्हणून उद्या आम्हीही तिकडेच निघणार होतो!”

सुपर्णानं विचारलं, “मग आता?”

“आता कशाला जायचं? तिथे आहे तरी कोण?”