घेटुळीची जुडी

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. आश्विन वद्य तृतीयेची सकाळ होती. आभाळ भरलेले, वारा पडलेला, हवेत कुजक्या गवताचा वास. नदीकाठच्या एका राज्यात तापाची साथ होती आणि म्हाताऱ्या राजवैद्यांच्या अंगणापासून वेशीपर्यंत रोग्यांची रांग लागली होती.

एवढ्या मोठ्या राज्यात वैद्य उरले होते चारच. गळ्यात तांब्याची मुद्रा असल्याशिवाय कुणी उपचार करायचा नाही, केला तर त्याचा अंगठा डागायचा, असा कायदा होता. मुद्रा मिळण्याची रीतही ठरलेली. गुरू आणि शिष्य पाठीला पाठ लावून बसत, एकाच रोग्याचे दोन हात दोघे धरत, आणि दोघांचे निदान जुळले तरच शिष्याला मुद्रा मिळे.

तीन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून एक वैद्यीण आली होती. तिकडे तिने वीस वर्षे माणसे बरी केली होती. लढाईत गाव जळाले, त्यात तिचे गुरूही गेले. "मग तुझ्या पाठीला पाठ लावून बसणार कोण?" राजवैद्यांनी विचारले होते. दया येऊन त्यांनी तिला बागेतले तण काढायचे काम दिले.

तेव्हापासून ती रांगेच्या कडेला, कुंपणालगत खुरपे घेऊन बसे. राजवैद्य नाडी पाहून बागेकडे वळत, तर हवी ती पाने, हवे ते मूळ पाटीत आधीच तयार असे. "आमच्या बागेला सगळं कळतं हो," ते हसून म्हणत. बागेला कसे कळते, हे त्यांनी कधी विचारले नाही.

त्या सकाळी एक नावाडी समोर येऊन बसला.

"काय रे, एवढ्या धापा कसल्या टाकतोयस?"

"वैद्यबुवा, नदीच रुंद झालीय हल्ली," नावाडी म्हणाला, आणि रांगेतले लोक हसले.

राजवैद्यांनी त्याचे मनगट धरले. गेली दोन वर्षे त्यांची बोटे बधिर होत चालली होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. स्वतःशीही ते ती नीट बोलले नव्हते. त्यांनी नावाड्याचा चेहरा पाहिला आणि अंदाज केला. "थकवा आहे. अश्वगंधेची पूड दुधातून घे."

पाटीत मात्र घेटुळीची जुडी होती. राजवैद्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, हा सुजेवरचा पाला कशाला? याला काय सूज आलीय?"

तिने बोलायला तोंड उघडले. त्यांच्या गळ्यातल्या मुद्रेकडे पाहिले आणि मिटले. राजवैद्यांनी जुडी कुंपणाबाहेर फेकली.

नवव्या दिवशी नावाडी वारला. त्याची बायको एक पुडी घेऊन आली. "एवढी पूड उरली, वैद्यबुवा. दुसऱ्या कुणाच्या कामी येईल." पुडी ओट्यावर ठेवून ती गेली.

राजवैद्यांनी पुडी उचलली. मग ते बागेत जाऊन वैद्यिणीशेजारी मातीतच बसले.

"घेटुळी का आणली होतीस?"

"इथून मला पाय दिसतात," ती म्हणाली. "त्याच्या वहाणेचा पट्टा मांसात रुतला होता."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"बोलले असते तर तो उपचार झाला असता. कायदा तुम्हीच मला वाचून दाखवला होता."

तिथून राजवैद्यांना अंगणातली रांग दिसत होती. नुसते पाय, वेशीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते दरबारात गेले. सगळ्यांसमोर त्यांनी बाभळीचा काटा आपल्या बोटात खुपसला. रक्त आले, पण हात हलला नाही. "महाराज, दोन वर्षं या बोटांना नाडी लागत नाही. माझ्या गळ्यात मुद्रा होती, म्हणून कुणी विचारलं नाही. माझ्या बागेत तण काढणाऱ्या डोंगरापलीकडच्या वैद्यिणीच्या गळ्यात नव्हती, म्हणून तिलाही कुणी विचारलं नाही. मधल्या मध्ये नावाडी गेला."

प्रधान म्हणाले, "उद्या कुणीही डोंगर उतरून येईल आणि म्हणेल, मी वैद्य!"

"म्हणू दे की. त्याला रोग्यासमोर बसवून पाहू. आजवर आपण कुणाला बसवलंच नाही."

राजाने विचारले, "वैद्यबुवा, डोळे तरी शाबूत आहेत ना?"

"आहेत, महाराज."

"मग वर्षभर नाडी तिनं पाहावी. तुम्ही शेजारी बसून तिचं काम पाहा. रोगी बरे होतात की नाही, ते रोज लिहून ठेवा. वर्षानं ती वही मला दाखवा. पुढं जो कुणी परका वैद्य येईल, त्यालाही मुद्रावाल्या वैद्याजवळ असाच बसवा."

राजवैद्यांनी गळ्यातली मुद्रा काढून राजापुढे ठेवली. "शेजारी बसेन. ही मात्र वर्षभर आपल्यापाशीच असू द्या."

वर्ष सरले, वही दाखवली गेली, आणि तीच मुद्रा वैद्यिणीच्या गळ्यात पडली. पुढच्या तीन वर्षांत परमुलखातले अकरा वैद्य असेच बसले. नऊ जणांना मुद्रा मिळाली, दोघांना नाही. नदीकाठच्या सात गावांना वैद्य मिळाला. नावाड्याचे वल्हे त्याच्या घराच्या भिंतीला टेकून तसेच राहिले.

बोध: परक्याचा गुण पारखून घ्यावा; न पारखताच त्याला दाराबाहेर बसवले, तर ते घरातल्या आजाऱ्याला भोगावे लागते.