गोजराआईची वाकडी ओळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. आजच्या म्हाताऱ्यांच्या आज्यांनाही तेव्हा दात आले नव्हते. आमच्या उंबरदऱ्यात गोजरा नावाची एक बाई वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे गोधडी, हे शहरातून आलेल्यांसाठी सांगते. बाकीच्यांनी हसू नये.

गोजराचा धावदोरा इतका सरळ जायचा, की नांगरटीला निघालेला गडी आधी तिच्या अंगणातली वाकळ बघून जायचा, असं म्हणतात. आता यात थोडा तिखटमीठ लावण्याचा भाग असेल. पण माझी आजी असंच सांगायची आणि मी तिला कधी उलटून बोलले नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका. शिवताना गोजरा प्रत्येक टाक्याला जानाईचं नाव घ्यायची. जानाई म्हणजे आमची गावदेवी. लोक माळ ओढतात, गोजरा दोरा ओढायची, एवढाच काय तो फरक.

मग एका वर्षी गाठीचा ताप आला. काखेत गाठ यायची आणि माणूस बघता बघता जायचं. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं, ही तेव्हाची रीत. सगळं उंबरदरं गुरंढोरं हाकत वरच्या माळावर गेलं आणि कडब्याच्या खोपी घालून राहिलं. पण गोजराला निघायला उशीर झाला. तिचा एकुलता एक लेक दौलू त्याआधीच तापानं गेला. ज्या घरात माणूस गेलं त्या घरातलं अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता सगळा जाळायचा, असा हुकूम होता. दौलूचं धोतर, अंगरखा, मुंडासं, सगळं दारातच पेटवलं. गोजराच्या हातच्या वाकळाही त्यातच गेल्या. मागं राहिल्या सासू आणि सून. सून सगुणा पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

गोजरा रडली नाही. घरच्या चुलीच्या मातीचं एक ढेकूळ फोडून तिनं पदरात बांधलं. माळावर नवी चूल घातली तेव्हा ते ढेकूळ तिच्या मातीत कालवलं. चुलीशेजारी एक दगड मांडला, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "जानाई, तिथं देवळात तू एकटी, इथं मी एकटी. ये, माझ्याजवळ बस." तेव्हापासून गाव परत खाली उतरेपर्यंत त्या चुलीतला विस्तव विझला नाही, असं म्हणतात. पाऊस आला तरी नाही.

चूल पेटली, पण सगुणा काही बोलेना. कुडाकडं तोंड करून पडून राहायची. भाकरी पुढं ठेवली तर तशीच सुकायची. गोजरा तिच्या तोंडाला पेजेची वाटी लावायची, तर दोन घोट घ्यायची आणि पुन्हा तोंड फिरवायची. गावची सुईण हौसाबाई येऊन पोट बघून गेली. बाहेर येऊन तिनं गोजराला बाजूला घेतलं.

"लेकरू जित्तं हाय," ती म्हणाली. "पण ही अशीच ऱ्हायली तर दोन्ही जीव हातचं जातील. तिला बोलतं कर, गोजरा. मला औषध ठावं हाय ते पोटाचं. ह्याचं न्हाई."

गोजराला तरी कुठं ठाऊक होतं? तिला येत होतं एकच. तिनं अंगावरचं लुगडं मधोमध फाडलं. अर्धं नेसली आणि अर्धं खोपीत अंथरलं. सुई तिच्या केसांत खोवलेली होती म्हणून जाळातून वाचली होती. दोऱ्यासाठी लुगड्याचा काठ उसवायला घेतला. तो काठ कितीही उसवला तरी संपायचा नाही, असं म्हणतात. मी काही मोजायला गेले नव्हते.

मग ती खोपीखोपीत जाऊन चिंधी मागू लागली. तळहाताएवढी द्या, बोटभर द्या, पण द्या. लोक बिचकले. सुतकाचं घर, त्यात पोटुशी सून, आणि ही बया सुई घेऊन बसलीय. हौसाबाईच पुढं होऊन बोलली, "लेकरू यायच्या आधी त्याचं काय शिवत नसत्यात. एवढं बी कळंना का तुला?"

"लेकराचं न्हाई गं," गोजरा म्हणाली. "माझी पोर गारठतीया. तिचं शिवतीया."

हळूहळू चिंध्या आल्या. पाटलाच्या खोपीतून आली, मांगाच्या खोपीतून आली, धनगराच्या घोंगड्याचा कोपराही आला. कुणी म्हणालं, आमचं नि त्यांचं एका वाकळीत कसं? गोजरा म्हणाली, थंडी एकच हाय. आणि लावला तुकड्याला तुकडा.

वाकळ काठापासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्यात येऊन संपते. दोघी बायका समोरासमोर बसून शिवतात. गोजरा एकटीच शिवायची. एका बाजूची ओळ झाली की उठून पलीकडं जाऊन बसायची. दुपारचं ऊन खोपीत यायचं, ती जानाईचं नाव घेत टाके घालायची आणि अधूनमधून सुनेशी बोलायची. आज गाय लाथ मारत होती, खालच्या विहिरीला पाणी कमी झालंय, असलंच काहीतरी. दौलूचं नाव ती काढत नव्हती. सगुणाची पाठ तशीच असायची.

एका दुपारी हौसाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या मुठीत काहीतरी होतं.

"गेल्या सुगीत माझ्या पायाला इळा लागला हुता," ती म्हणाली. "तुझ्या दौलूनं मुंडाशाची पट्टी फाडून बांधली हुती. धुऊन ठिवली हुती मी. द्यावी का न द्यावी, कळंना मला."

लाल पट्टी होती ती, वीतभर. दौलूचं म्हणून या जगात उरलेलं तेवढंच. गोजरानं ती घेतली, मांडीवर हात फिरवून सरळ केली आणि वाकळीवर ठेवली. वर टाका घालायला लागली. जानाईचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तोंडातून दौलूचं नाव आलं. पुढच्या टाक्यालाही तेच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि जन्मात कधी वाकडी न गेलेली तिची ओळ नागमोडी जाऊ लागली. तरी ती थांबली नाही.

मागून आवाज आला, "आत्या, टाका वाकडा जातोय."

सगुणा उठून बसली होती. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. दौलू गेल्यापासून तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. गोजरानं डोळेही पुसले नाहीत.

"मला दिसंना गं बाई," ती म्हणाली. "तू धर की ते टोक."

सगुणा पोट सावरत सरकली. लाल पट्टीवर हात ठेवला. मग दोघी सासूसुना गळ्यात गळा घालून रडल्या, पहिल्यांदाच, आणि हौसाबाई दारात उभी राहून रडली. रडून झाल्यावर सगुणानं विचारलं, "वाकडी वळ उसवू का?"

"नगं," गोजरा म्हणाली. "ती हाय तशी ऱ्हाऊ दे. म्होरली सरळ घालू."

त्या दिवशी सगुणानं भाकरी मागून खाल्ली.

पौषात तिला मुलगी झाली, पहाटेपहाटे. त्या दिवशी घागरीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, असं म्हणतात. लेकरू निळं पडलेलं, रडेना. गोजरानं त्याला वाकळीत गुंडाळलं आणि सगुणाच्या पोटाशी दिलं. माळावरची माणसं एकेक करत खोपीत आली आणि ज्याला जिथं सापडली तिथं वाकळीची कड धरून बसली. वाकळ होती दोघांपुरती. पण जो येईल त्याच्या हाताला कड मिळाली. ती वाढत वाढत खोपीबाहेर गेली आणि तिच्याभोवतीचं गवतावरचं दव सुकून गेलं. मग आत लेकरू रडलं. तुम्ही म्हणाल, वाकळ कशी वाढेल? मला विचारू नका. आमच्या गावात हे असंच सांगतात आणि त्या लेकराच्या वंशातली माणसं आजही गावात आहेत, त्यांना जाऊन विचारा.

गोजरा खूप जगली. नातीच्या पोरांनाही तिनं वाकळा शिवून दिल्या. ती कशी गेली, कधी गेली, कुणी सांगत नाही. शिवता शिवता मध्याला पोचली, एवढंच म्हणतात.

आता बाजारात हवी तेवढी ब्लँकेटं मिळतात. तरी उंबरदऱ्यात कुणाच्या घरी माणूस गेलं की दिवसकार्य आटोपल्यावर बायका चिंध्या घेऊन त्या घरी जातात आणि वाकळ घालतात. रडू नको, खाऊन घे, असलं काही बोलत नाहीत. गोजराआईचं नाव घेऊन पहिली ओळ मुद्दाम वाकडी घालतात. दुसरीही वाकडीच. घरचं माणूस ती वाकडी ओळ बघून बोलेपर्यंत रोज दुपारी जाऊन बसतात. कुणी पहिल्याच दिवशी बोलतं. कुणाला महिना लागतो.

मागल्या साली येसबा जगदाळ्याची बायको गेली. घरात दुसरं कुणी नाही. गड्याच्या घरी कशी वाकळ घालायची, म्हणून थोडी कुजबुज झाली, पण आम्ही गेलो. येसबा आमच्याकडं पाठ करून तंबाखू मळत बसायचा. आम्ही आपल्या वाकड्या ओळी घालत होतो. माझी तर मुद्दाम घालावीच लागत नाही, आपोआप जाते. किती दुपारी अशा गेल्या कोण जाणे. एकदा तो पाणी प्यायला उठला, वाकळीशी थबकला आणि वाकून ती ओळ बघू लागला.

"तिनं असली वळ कधी घातली नसती," तो म्हणाला.

आम्ही सरकून त्याला जागा केली. सुई हातात दिली. दोरा काही त्याला ओवता येईना, आम्हीही ओवून दिला नाही, बसून राहिलो. शेवटी ओवला एकदाचा. तोंडातल्या तोंडात गोजराआईचं नाव घेऊन त्यानं आयुष्यातला पहिला टाका घातला. तो वाकडाच गेला.