चपला घालून येतो

मोरीतल्या पाइपाचा सांधा गळत होता आणि थेंब थेट गिझरच्या बटणावर पडत होते. आई रोज जीव मुठीत धरून ते दाबायची.

सांध्यावरची टेप आट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळली होती ती घरमालक मिराशीकाकांनीच. निवृत्त इंजिनिअर म्हणून मिरवणारे काका चपला दाराशी काढून आत आले. आईला शॉक बसेल, टेप मी नीट गुंडाळतो, असं मी त्यांना म्हणालो.

"काही होत नाही. कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये. सांध्याला हात लावशील तर खोली खाली कर."

तरी मी म्हणालो, "मग बटण तुम्ही दाबा."

ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी बटणाकडे हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"थांब, चपला घालून येतो."

"आई अनवाणीच दाबते, काका."

काकांनी हात मागे घेतला.

"मेन स्विच बंद कर," ते म्हणाले, "आणि टेप तूच गुंडाळ."