पाच स्पीकरांची घमेंड

टीव्हीखाली रेकॉर्डर बसायचे, त्या काळातली गोष्ट. गुरवांच्या रेकॉर्डरला मोठी घमेंड होती. तो आवाज पाठवायचा तो पाच स्पीकरांचा. घरातली शकू टीव्हीवर गायली, ते गाणं त्याने टिपलं. सगळे ऐकायला बसले, तर नुसता तबला वाजतोय, शकूचा आवाजच नाही.

“बहिरा आहेस का?” रेकॉर्डर टीव्हीवर खेकसला.

“मला स्पीकर दोनच आहेत बाबा,” टीव्ही म्हणाला. “गाणाऱ्याचा आवाज तू पाठवतोस मधल्या स्पीकरला, तो मी कुठून काढू?”

शकूच्या वडिलांचा पडलेला चेहरा रेकॉर्डरला बघवेना. त्याने मुकाट्याने सेटिंग बदललं आणि पाचही आवाज दोन स्पीकरांत बसवले. शकूचा आवाज असा घुमला, की शेजारी भरल्या ताटावरून उठून दारात आले.

“काय टीव्ही आहे तुमचा,” ते म्हणाले.

खाली बसलेल्या रेकॉर्डरला ते स्वतःचंच कौतुक वाटलं.