इंजिनाजवळची खूण

“...पण बाबा, जीव माणसावर नाही, आवाजावर जडला असेल तर काय करायचं?”

यशवंत डोर्लेकरांनी हे पुन्हा विचारलं. आधी विचारलं तेव्हा हैदरबाबा नुसते हसले होते.

खाडीच्या काठावर लहानसा दर्गा. पायरीवर बाबा बसलेले, खालच्या पायरीवर डोर्लेकर. सकाळची भरती चढत होती.

डोर्लेकरांना आसपासच्या गावांत सगळे ‘चीफ’ म्हणत. नौदलातल्या एका जुन्या डिझेल पाणबुडीवर, तिच्या इंजिनखोलीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पुढे पाणबुडी मोडीत निघाली. चीफ गावी आले. मन शांत होईना, म्हणून तरीच्या होडीतून खाडी ओलांडून बाबांकडे येऊ लागले.

येत, बसत, डोळे मिटत.

डोळे मिटले, की इंजिन सुरू होई.

“कसला आवाज?” बाबांनी विचारलं.

चीफ याचीच वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं.

आधी खरखर झाली. मग एक खोल, जड धडधड सुरू झाली. हळूहळू तिला लय आली. पायरीवर दाणे टिपणारी कबुतरं उडाली.

“शेवटच्या फेरीत भरून घेतला होता,” चीफ म्हणाले. “दरवर्षी आम्ही जुने सोबती जमतो. जेवणं झाली की मी हा लावतो. एकही जण बोलत नाही, बाबा. मोठमोठे गडी रडतात.”

बाबा ऐकत राहिले. टेप संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

“छान आहे.”

“छान?” चीफना ते लागलं. “बाबा, रागावू नका. तुम्हांला हे कळायचं नाही. पाण्याखाली राहून, फक्त नळी वर काढून आम्ही इंजिनं चालवायचो. लाट आली की नळीचं झाकण मिटायचं. मग इंजिन आमच्याच खोलीतली हवा ओढायचं. कान आत खेचले जायचे, डोळ्यांपुढे काजवे. पण त्याची लय चुकायची नाही. चपातीला डिझेलचा वास, उशीला डिझेलचा वास. घरी आलो की बायको कपडे अंगणातच उतरवायला लावायची. आणि तरी... तसं जिवंत पुन्हा कधी वाटलं नाही.”

“हं.”

“आताच्या पोरांच्या पाणबुड्या कशा गुपचूप चालतात. आमचं इंजिन म्हणजे... त्याच्यापाशी उभं राहायला छाती लागायची.”

बाबांनी वर पाहिलं.

“तुम्ही एकटे उभे राहायचात?”

“नाही. दोन इंजिनं. डाव्यापाशी मी. उजव्यापाशी इनास.”

“कोण इनास?”

“इनास डाबरे. वसईकडचा. कोपरापर्यंत काळा झालेला, आणि दात मात्र कायम बाहेर. त्याच्यासारखा गडी...”



“तो काय बोलायचा?”

“काही नाही. तिथं कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. सगळं हातानं. खुणांनी.”

“म्हणजे या डबीत इनासचा आवाज नाही.”

“...नाही.”

“तो कुठं असतो?”

चीफ खाडीकडे बघू लागले. समोरून तरीची होडी निघाली होती. ती मध्यावर आली.

“घरीच आहे,” शेवटी ते म्हणाले. “अर्धांग झालंय. उजवी बाजू गेली. वाचा गेली. त्याची बायको पावसाळ्यापासून बोलावतेय. भावजी, एकदा येऊन जा म्हणते.”

“मग?”

“जाईन म्हणतो. पण बाबा, तो मला तसाच आठवू दे. उभा. हसणारा. इंजिनापाशी. अंथरुणातला इनास बघून मी काय करू? त्याला बोलता येत नाही, मी काय बोलू?”

बाबांनी टेपरेकॉर्डर उचलला. खांद्यावरच्या हिरव्या फडक्यात गुंडाळला आणि मागच्या कोनाड्यात ठेवून दिला.

“बाबा, तो...”

“राहू दे इथं. तुम्ही जाऊन या.”

“नुसता जाऊ? निदान त्याला ऐकवतो तरी. बरं वाटेल त्याला.”

“त्याला, की तुम्हांला?”

चीफ उठले. रागातच चपला घातल्या. खाडी ओलांडेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पण ते गेले.

*

वसईच्या बाजूला, केळीच्या वाडीत इनासचं घर होतं. ओसरीत पलंग टाकलेला. इनासची बायको कतरिन दारातच उभी होती.

“आलात, भावजी,” एवढंच ती म्हणाली. उशीर का केलात, असं विचारलं नाही. चीफना तेच जास्त लागलं.

पलंगावरचा माणूस लहान झाला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. दाढी कतरिननं केली असावी, हनुवटीखाली थोडी राहिली होती. फक्त डोळे इनासचे होते.

चीफ खुर्ची ओढून बसले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. एकही चालेना.

वाडीत मोटेच्या जागी बसवलेला पंप चालू होता. मग कुणीतरी तो बंद केला. ओसरीवर एकदम शांतता पसरली. त्या शांततेत त्यांना इनासचा श्वास ऐकू आला. घरघरणारा, मध्येच अडकणारा, पुन्हा निघणारा.

एवढी वर्षं शेजारी काढली. हा श्वास त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

इनासनं डावा हात उचलला. दोन बोटांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर टकटक केलं. मग बोटं चीफकडे केली.

“हे बघा,” कतरिन म्हणाली, “दिवसभर हेच. खांदा दुखतो त्यांचा. मी तेल लावते, चोळते. गरम मिठाचा शेक देते. तरी थांबत नाहीत. दवाखान्यात दाखवलं, तर तिथं म्हणाले, त्या बाजूला काही कळतच नाही त्यांना. मग दुखेल कसं? मला तर काही सुचत नाही, भावजी.”

चीफ खुर्चीत ताठ झाले होते.

इनासनं पुन्हा टकटक केलं. पुन्हा बोटं चीफकडे. या वेळी डोळे हलले नाहीत.

कतरिन तेलाची वाटी आणायला आत गेली.

चीफनी वाडीकडे पाहिलं.

“केळी चांगली धरलीत रे यंदा,” ते म्हणाले. मोठ्यानं. गरजेपेक्षा फारच मोठ्यानं.

इनासचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग चादरीवर पडला.

कतरिननं मासळीचं जेवण केलं होतं. चीफनी ते कसंबसं गिळलं आणि दुपारच्या गाडीनं परतले.

*

बाबांनी त्यांना लांबूनच ओळखलं. तरीतून उतरताना चीफचा पाय पाण्यात पडला होता, एक चप्पल ओली होती. त्यांचं लक्ष नव्हतं.

बाबांनी कोनाड्यातलं हिरवं गाठोडं काढून पुढे धरलं. चीफनी ते घेतलं. न उघडताच बाजूला ठेवलं.

“भेटलात?”

“भेटलो.”

“बोलला?”

“बोलला, बाबा.”

बाबांनी मान वर केली.

“त्याची वाचा गेलीय म्हणतात. गेलेली नाही. तो आमचीच भाषा बोलतोय. इंजिनखोलीतली. घरात कुणाला ती येत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतंय खांदा दुखतो.” चीफचा आवाज फाटला. “ती बिचारी तेल लावत बसलीय...”

“काय म्हणतो तो?”

चीफ त्यांच्याकडे वळले. मग दोन बोटांनी आपल्या खांद्यावर टकटक केलं आणि बोटं बाबांकडे केली.

“याचा अर्थ?”

“माझी पाळी भरली. आता तू घे.”

खाडीवर वारा सुटला होता. दर्ग्यावरचं निशाण फडफडलं.

“तिथं नियम होता, बाबा. कामाची पाळी भरली तरी इंजिन टाकून जायचं नाही. मागून येणाऱ्यानं घेतली, तरच हलायचं. कुणी भोवळ येऊन पडायला आलेला असायचा, डोळे मिटत असायचे. तरी उभा. इनास तर एकदा तापानं फणफणलेला होता. त्याच्या मागून येणाऱ्या गड्याला उशीर झाला. हा आपला दांड्याला धरून उभा, आणि वर माझ्याकडे बघून हसतोय.”

“आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?”

“केळी चांगली धरलीत म्हणालो.”

बाबा हसले नाहीत.

“मला कळलं होतं, बाबा. पहिल्याच खेपेला कळलं. पण माझा हात उठला नाही. मी घेतली असं सांगितलं असतं... तर तो गेला असता. त्याला ओळखतो मी. तो त्यासाठीच थांबलाय. माझ्या हातानं त्याला कसा जाऊ देऊ? सगळ्यांत तो एकच आहे, ज्याला मी...”



“बरं,” बाबा म्हणाले. “नाही दिलंत उत्तर. मग तो आता काय करतोय?”

चीफनी आपल्या ओल्या चपलेकडे पाहिलं.

“चीफ?”

“...उभा आहे.”

“कुठं?”

“इंजिनापाशी.” डोर्लेकरांनी तोंडावर दोन्ही हात धरले. “अजून उभाच आहे, बाबा. पाळी भरून गेलीय आणि त्याला कुणी सोडवत नाही. कतरिनचं कोण बघणार, वाडीचं कोण बघणार... टाकून कसा जाईल तो?”

बाबांनी त्यांना रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही.

पुष्कळ वेळानं चीफनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“त्या खुणेला,” बाबांनी हळूच विचारलं, “उत्तर कसं देतात?”

“साधं असतं.”

“दाखवा.”

“आता काय दाखवायचं...”

“मला येत नाही. दाखवा.”

चीफ वरच्या पायरीवर चढले. बाबांच्या पुढ्यात उभे राहिले. पाय थोडे फाकवून, पायाखालची जमीन हलत असल्यासारखे. उजवा हात उचलला. पुरा पंजा बाबांच्या खांद्यावर टेकवला, आणि दाबला.

“असं,” ते म्हणाले. “म्हणजे... मी आलोय. आता सगळं माझ्याकडे. तू जा, नीज.”

हात तिथंच राहिला.  चीफना तो काढता येईना.

बाबा स्वस्थ बसले होते. डोळे मिटलेले. पलीकडच्या काठावर तरीवाल्यानं शेवटच्या फेरीसाठी हाळी दिली.

मग बाबांनी डोळे उघडले. खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले,

“हात बरोबर पडला, चीफ. खांदा चुकला.”